आल्प्समध्ये किलोमीटर नव्हे, घाट मोजायचे: म्युनिक ते म्युनिक, मोटारसायकलवरून पाच देश

म्युनिकहून निघायचं, ऑस्ट्रियातून इटलीत उतरायचं, डोलोमाइट्सचे डोंगर पार करून स्टेल्विओ घाटामार्गे स्वित्झर्लंड गाठायचं, लिखटेनश्टाइन ओलांडून परत म्युनिक. हा फेरा चौदाशे-पंधराशे किलोमीटरचा आहे. नकाशात बघून लोक चार दिवसांत बसवतात आणि तिथेच बेत कोलमडतो. घाटात थांबे धरून ताशी ३५-४० किलोमीटरची सरासरी पडते. त्यामुळे दिवसाला दोनशे किलोमीटर आणि तीन, फार तर चार घाट, एवढंच झेपतं. चौथ्या घाटानंतर नजर मंदावते, क्लचचा हात भरून येतो आणि वळणात चुका व्हायला लागतात. चालवायचे आठ-नऊ दिवस धरावेत आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. पावसाने तो खाल्ला नाही तर आनंदच.

तयारी कागदांपासून सुरू होते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. हातात पडल्यावर लगेच उघडून बघा, की 'ए' म्हणजे मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना. नुसता कारचा 'बी' शिक्का मारलेली पुस्तिका दिली जाते आणि ते कळतं थेट म्युनिकमध्ये, भाड्याची गाडी घेताना काउंटरवर. ही पुस्तिका एकटी चालत नाही, सोबत मूळ लायसन्सचं कार्ड लागतंच. डिजिलॉकरमधली प्रत तिकडे कोणी विचारात घेत नाही.

शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे मागायचा. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. या फेऱ्यात डोलोमाइट्समध्ये एक रात्र वाढवली की पारडं जर्मनीकडून इटलीकडे झुकतं, म्हणून हॉटेलं आधी पक्की करून मगच अर्ज भरावा. शुल्क ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. त्या पॉलिसीची बारीक अक्षरं वाचाच. काही पॉलिसींमध्ये ठरावीक सीसीच्या वरची दुचाकी चालवताना झालेला अपघात सरळ वगळलेला असतो. व्हिसा मिळायला ती पुरते, डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलायची वेळ आली की पुरत नाही.

महिना कुठला? जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य. उंचावरचे घाट मे अखेर किंवा जूनमध्ये बर्फ काढून खुले होतात. ऑगस्टचा मधला आठवडा टाळावा. १५ ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते आणि अख्खा देश डोंगरावर येतो. जुलैच्या पहिल्या रविवारी डोलोमाइट्समध्ये सायकलींची मोठी शर्यत असते, त्या सकाळी तिथले घाट मोटारींना बंद. सेलाचे चार घाट आणि स्टेल्विओसुद्धा वर्षातून एखाद-दोन दिवस फक्त सायकलींसाठी राखलेले असतात. तारखा आधी जाहीर होतात, तेवढ्या बघून घ्याव्यात.

आता गाडी. भाड्याच्या दुकानात बाराशे सीसीची ॲडव्हेंचर बाइक खुणावते, पण एकट्याला सातशे ते नऊशे सीसीची, बुटक्या सीटची गाडी जास्त मजा देते. घाटात ताकद लागत नाही, वजन आड येतं. दोघं जाणार असाल तर आधी बेरीज करा. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस पेट्रोलसकट २४९ किलोची आणि माणसं-सामान धरून एकूण परवानगी ४६५ किलोची, म्हणजे हातात उरले २१६. दोघांचे १५०, हेल्मेट-जॅकेट-बूट १५, तीन रिकाम्या पेट्या १५. सामानाला राहिले जेमतेम ३६ किलो. दोघं असताना मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्यायचा, नाहीतर गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात गाडी बाहेर जाऊ बघते. टायरची हवा थंड असताना तपासायची. या गाडीला पुढे २.५ आणि मागे २.९ बार, आपल्या हिशेबात ३६ आणि ४२ पीएसआय.

डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर बहुतेक दुकानं रक्कम अडकवून ठेवत नाहीत. करारात तीन गोष्टी शोधायच्या: अपघात झाल्यास आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती, दिवसाला किती किलोमीटर मोफत, आणि कोणकोणत्या देशांत विमा चालतो. टायर, क्लच आणि आरसे बहुधा विम्याबाहेर असतात. गाडी घेताना चारही बाजूंनी, पेट्यांचे कोपरे, लिव्हरची टोकं आणि इंजिनच्या खालची बाजू यांचे उजेडात फोटो काढावेत. नोंदणीचा मूळ कागद सोबत मागून घ्यावा, आणि ऑस्ट्रियात मोटारसायकललाही प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे, तेव्हा ती सीटखाली आहे ना तेही पाहावं. हेल्मेट इकडून नेणार असाल तर त्यावर युरोपीय मान्यतेचं लेबल हवं: गोलात 'ई' आणि शेजारी आकडा, बहुधा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं. नुसती आयएसआय खूण तिकडे चालत नाही.

उजव्या बाजूने चालवणं वाहत्या रहदारीत अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. घात होतो तो रस्ता रिकामा असताना: सकाळी हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना, फोटोसाठी थांबून परत गाडीवर बसताना. समोर धरून चालायला दुसरी गाडी नसते आणि हात सवयीने डावीकडे वळवतो. टाकीवर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावा, हसू देत कोणाला. गोलाकार चौकात घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि आतल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. गावातल्या खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून का येईना. पिवळ्या हिऱ्याची पाटी दिसली की हक्क आपला.

टोलचा गोंधळ वेगळाच. जर्मनीत मोटारसायकलला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल पास, लागतं. मोटारसायकलचं दहा दिवसांचं पाच युरोच्या आसपास, गाडीच्या नंबरवर ऑनलाइन निघतं. स्वित्झर्लंडमध्ये दहा दिवसांचं वगैरे काही नाही, वर्षाचं एकच, ४० फ्रँक, मोटारसायकललाही तेवढंच. न घेता सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि वर व्हिन्येटचे पैसे. हा फेरा महामार्ग टाळून होतो, पण रंग फसवतात. जर्मनी-ऑस्ट्रियात महामार्गाच्या पाट्या निळ्या, स्वित्झर्लंड-इटलीत त्या हिरव्या आणि साधे मोठे रस्ते निळे. ऑस्ट्रियात निळं टाळायची सवय लागलेला माणूस स्वित्झर्लंडमधल्या कूरजवळ हिरव्या पाटीमागे बिनधास्त जातो. नेव्हिगेशनमध्ये 'महामार्ग टाळा' चालू ठेवा, पण 'टोल टाळा' बंद ठेवा, नाहीतर ते ग्रोसग्लॉकनरचा टोल घाटच गाळून टाकतं.

फेरा घड्याळाच्या दिशेने करावा, म्हणजे स्टेल्विओ प्राद गावाच्या बाजूने चढायला मिळतो. हेअरपिन, म्हणजे रस्ता पुरता उलटा फिरवणारी वळणं, चढताना सोप्या, उतरताना अवघड.

पहिला मोठा घाट ग्रोसग्लॉकनर. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा टोल रस्ता, ३६ हेअरपिन, होखटोर या माथ्याला उंची २,५०४ मीटर. मोटारसायकलचं तिकीट पस्तीस युरोच्या घरात. महाग वाटतं, पण दिवसभर चालतं, म्हणून सकाळी लवकर शिरून सगळे फाटे करावेत. एडेलवाइसश्पित्स हा २,५७१ मीटरवरचा फाटा शेवटी दगडी फरसबंदीचा आहे. ओला असेल तर जड गाडी खालीच लावलेली बरी. या रस्त्याची वळणं रुंद आणि मोकळी, त्यामुळे पुढच्यासाठी हात बसवायला हाच योग्य. हाइलिगेनब्लुटला उतरलं की लिएन्झ, आणि तिथून इटली.

डोलोमाइट्समध्ये सेला, गार्देना, कांपोलोंगो आणि पोर्दोई या चार घाटांचं कडं आहे, पन्नास-साठ किलोमीटरचं. पोर्दोईच्या अराब्बा बाजूला ३३ हेअरपिन. आमच्या मते मात्र कोर्तिनाजवळचा 'जाऊ' नावाचा घाट त्या चौघांपेक्षा सरस: २,२३६ मीटर, सेल्वाकडून २९ वळणं, आणि बसची गर्दी कमी.

इटलीतल्या पेट्रोलपंपाबद्दल दोन शब्द. 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. गॅसोलिन समजून भलतीच नळी उचलणारे दरवर्षी भेटतात. खूण लक्षात ठेवायची: पेट्रोलचं लेबल गोल, त्यात ई५ किंवा ई१०; डिझेलचं चौकोनी, त्यात बी७. 'सेर्वितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. 'फाई दा ते' म्हणजे आपलं आपण. दुपारी पंप बिनमाणसाचे होतात. तिथलं यंत्र आधी कार्डावर मोठी रक्कम अडकवतं आणि काही दिवसांनी सोडतं. कार्डाची मर्यादा डिपॉझिटने आधीच खाल्लेली असेल तर टाकी रिकामी राहते. थोडी युरोची रोकड खिशात हवी.

आता स्टेल्विओ. उंची २,७५७ मीटर. १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानीने बांधलेला रस्ता. प्रादपासून माथ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटरमध्ये अठराशे मीटर चढ आणि ४८ हेअरपिन. प्रत्येक वळणावर आकड्याचा दगड आहे आणि आकडे वरून खाली मोजलेत, म्हणजे चढताना ४८ पासून उलटी गिनती. ट्राफोइपर्यंत रस्ता झाडीतून जातो, त्यानंतर वळणांची उतरंड उघड्यावर येते. सकाळी साडेआठच्या आत माथा गाठायचा. दहानंतर सायकलवाले, बस, कॅम्पर व्हॅन आणि सव्वाशे मोटारसायकली एकाच वेळी त्याच वळणात असतात.

भारतात घाट चालवलेल्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. ताम्हिणीत किंवा वरंध्यात आपल्याला डावं वळण अरुंद आणि उजवं रुंद, कारण आपण डावीकडून चालतो. इथे सगळं उलट. डावं वळण मोठ्या घेराचं, सोपं. उजवं मात्र अगदी कोपऱ्यात, आणि आतल्या बाजूला चढ एकदम उभा होतो. स्टेल्विओवर गाड्या पडतात त्या बहुतेक उजव्या हेअरपिनमध्ये, आणि वेगामुळे नाही, वेग संपल्यामुळे. होतं असं: माणूस दुसऱ्या गिअरमध्ये शिरतो, उतारावरची बस बघून थ्रॉटल सोडतो, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर येऊन गचका देतं आणि बंद पडतं. गाडी आत झुकलेली असते, उजवा पाय टेकवायला जावं तर तिथे रस्ता खालच्या अंगाला, पाय पोचत नाही. अडीचशे किलो सावरणं कोणालाच जमत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा. वळणाच्या आधीच मान वर करून वरच्या टप्प्यावर काय येतंय ते बघायचं. बस दिसली तर वळणाच्या खाली, सरळ रस्त्यावर थांबायचं. तिला अख्खी रुंदी लागते. मोकळं असेल तर आपल्या लेनच्या डाव्या कडेला, मधल्या रेघेजवळ पण तिच्या आत राहून शिरायचं. पहिला गिअर वळणाआधी. थ्रॉटल थोडा आणि एकसारखा, क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय. वेग क्लचने कमी-जास्त करायचा, थ्रॉटल बंद करायचा नाही. आणि नजर आतल्या दगडाकडे न ठेवता वळणाच्या शेवटाकडे. मागे बसणाऱ्याने आत किंवा बाहेर झुकायचं नाही, चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून बघायचं, तेवढ्याने वजन आपोआप जुळतं. डाव्या वळणात धोका दुसराच: चाकं आपल्या लेनमध्ये असतात पण झुकलेलं डोकं रेघेपलीकडे समोरच्या लेनमध्ये जातं.

उतरताना दुसरा गिअर आणि इंजिनचा अटकाव. ब्रेक वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ मारून सोडायचा. मागचा ब्रेक दाबून ठेवत उतरलं की ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ पडतं आणि मग ते खाली जात राहतं. जळका वास आला की बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. आम्ही स्टेल्विओवरून थोडं खाली येऊन उजवीकडे उंब्राइलला वळतो. २,५०१ मीटरची ही खिंड सरळ स्वित्झर्लंडच्या सांता मारियात उतरवते.

कपड्यांचं गणित उंचीचं. शंभर मीटरला साधारण ०.६५ अंश. खाली मेरानो शहरात ३३ अंश असताना स्टेल्विओच्या माथ्यावर १७, वारा धरून त्याहून कमी. जाळीचं जॅकेट, आत पातळ थर्मल आणि वर घालायचा रेनसूट हे तिन्ही हाताशी हवेत, पेटीच्या तळाशी नकोत. दुपारी तीननंतर गडगडाट ठरलेला. ओल्या रस्त्यावर भेगा भरलेले डांबराचे काळे पट्टे साबणासारखे होतात. भर उन्हातही ते मऊ पडून टायर सरकवतात. कुरणांजवळ शेण आणि रस्त्यात आडव्या लोखंडी जाळ्या. त्या सरळ ओलांडायच्या, झुकून नाही.

स्वित्झर्लंडमध्ये वेगाचा नाद सोडायचा. गावात ५०, बाहेर ८०. गावात ११ ते १५ किलोमीटर जास्त गेलात की २५० फ्रँक, त्यापुढे प्रकरण साध्या दंडाचं राहत नाही. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्ट बसचा डोंगरी रस्ता. तिथे बसचालक सांगेल ते ऐकायचं, मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायचं. आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू येतो. युरोपीय युनियनच्या सिमकार्डाचं रोमिंग इथे बऱ्याचदा लागू नसतं आणि नुसता फोन चालू राहिल्याने बिल फुगतं. सीमेआधी डेटा बंद, नकाशे ऑफलाइन. पेट्रोल स्वस्त पडतं म्हणून ते ऑस्ट्रियातच भरून घ्यावं म्हणतात ते खरं, पण एक टाकी एवढ्या लांब पुरत नाही.

ओफेन आणि फ्लुएला हे घाट, दावोस, कूर, मग ओबरआल्प घाट असं करत आंदरमाट गावी दोन रात्री टाकाव्यात. तिथून फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिम्झेल (२,१६४) आणि सुस्टेन (२,२२४) हा १२० किलोमीटरचा फेरा एका दिवसात, सामान हॉटेलात ठेवून होतो. सुस्टेन शेवटी ठेवा, त्याची वळणं दमलेल्या माणसालाही माफ करतात.

जेवणाचं वेळापत्रक कडक असतं. दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद, रात्री साडेसहा-सातला जेवण. संध्याकाळचं जेवण धरूनच खोली घ्यावी. शाकाहाऱ्यांनी पालकाचे क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे), केसश्पेत्सले (चीज घातलेल्या जाड शेवया), पोलेंटा (मक्याच्या रव्याचा सांजा), रोश्टी (परतलेला बटाट्याचा कीस) यांवर भागवावं, पण दरवेळी 'श्पेक नको' म्हणून सांगावं. डुकराच्या मांसाचे ते बारीक तुकडे कुठेही निघतात.

लिखटेनश्टाइनला महामार्गच नाही, त्यामुळे व्हिन्येटही नाही. चलन स्विस फ्रँक. फेल्डकिर्खला परत ऑस्ट्रिया. तिथून लेखटाल या खोऱ्यातून म्युनिककडे यायचं असेल तर नोंदणीच्या कागदावर यू.१ हा रकाना बघा. उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर नोंदलेला असेल तर २०२० पासून ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या त्या पट्ट्यात मोसमात मोटारसायकलला बंदी आहे आणि दंड २२० युरो. सायलेन्सर किती शांत वाटतो याला किंमत नाही, कागदावरचा आकडा धरतात. महामार्गाने आलात आणि रहदारी तुंबली तर डावी लेन डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला वाट करतात. ती मोकळी वाट मोटारसायकलसाठी नाही.

गाडी परत करताना टाकी भरलेल्या पंपाची पावती, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आणि घेतानाचे फोटो हाताशी ठेवावेत. गाडी मळलेली असेल तर आधी पाण्याने धुऊन न्यावी, चिखलाखाली ओरखडा आहे की नाही यावर वाद नको. अडकवलेली रक्कम सुटायला काही आठवडे जातात. कॅमेऱ्याचा दंड असेल तर पत्र आधी दुकानाकडे जातं, ते आपला पत्ता कळवतात आणि त्या कामाचं वेगळं शुल्क कार्डावरून कापतात. म्हणून करार आणि पावत्या वर्षभर फेकू नयेत, आणि ते कार्डही तेवढ्यात बंद करू नये.